वाचकांचे प्रश्न : आलिशान एसयूव्हीचे खरे मायलेज

प्रश्न : माझ्या एसयूव्हीचे इंजिन तीन लिटरचे पेट्रोल असून वजन सुमारे 2,400 किलो आहे. कंपनी प्रतिलिटर साडेअकरा किलोमीटर सांगते. मला मात्र महामार्गावर 10 आणि शहरात जेमतेम 6 मिळतात. गाडीत दोष आहे, की कंपनीचा आकडाच खोटा?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून दोन्हींपैकी काही दिसत नाही. जाहीर आकडा प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून काढलेला असतो. युरोपात सप्टेंबर 2017 पासून नव्या मॉडेलांना लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीत गाडी 30 मिनिटांत सुमारे 23 किलोमीटर धावते. सरासरी वेग ताशी 46 किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग 131 आणि एसी बंद. कार्यालयाच्या वेळी शहरात ज्याचा सरासरी वेग 15-20 च्या पुढे जात नाही, त्याचा प्रवास या चाचणीत नाहीच. युरोपीय आयोगाने 2021 साली नोंदणी झालेल्या गाड्यांमधील इंधनमापकांवरून गोळा केलेली माहिती 2024 मध्ये प्रसिद्ध केली. त्या माहितीनुसार पेट्रोल व डिझेल गाड्यांचा प्रत्यक्ष इंधनवापर जाहीर आकड्यापेक्षा सरासरी 20 टक्क्यांनी अधिक भरला. या हिशेबाने आपल्या साडेअकराचे साधारण साडेनऊ होतात, म्हणजे महामार्गावरचे आपले 10 अगदी अपेक्षेप्रमाणे आहेत.

शहरातल्या सहाचे कारण वजनात आहे. 2,400 किलोची गाडी थांबलेल्या अवस्थेतून ताशी 60 पर्यंत नेण्यासाठी चाकांवर सुमारे 333 किलोज्यूल ऊर्जा द्यावी लागते. पेट्रोलमधल्या उष्णतेपैकी चौथा भाग चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर एवढ्यासाठी सुमारे 40 मिलिलिटर पेट्रोल जळते आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबताच ती सगळी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. असे 25 वेळा झाले की एक लिटर संपला! निम्म्या वजनाच्या गाडीला याच थांब्यांसाठी अर्धा लिटर पुरतो. त्यात मोठे पेट्रोल इंजिन हलक्या भारावर चालत असताना त्याची कार्यक्षमता फार घसरते, हाही भाग आहे. डिझेल इंजिनात ही घसरण बरीच कमी असते, म्हणूनच जड गाडीत डिझेलचा फायदा महामार्गापेक्षा शहरात अधिक जाणवतो. शिवाय रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचाच असेल, तर इतके धातू आणि तेल तापेपर्यंतच मुक्काम येतो.

महामार्गावर वजनाचे महत्त्व कमी होते आणि हवेचा विरोध पुढे येतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 100 ऐवजी 120 ने गेल्यास तो 44 टक्क्यांनी वाढतो. टायरचा घर्षणविरोध जमेस धरला तरी प्रतिकिलोमीटर लागणारी ऊर्जा चौथ्या हिश्श्याहून अधिक वाढते. गाड्यांच्या आकारातला फरकही मोठा आहे. 2022 च्या रेंज रोव्हरचा विरोधगुणांक (आकारामुळे हवेचा विरोध किती होतो हे सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) 0.30 आहे, तर मर्सिडीज जी-क्लासचा 2024 मधील सुधारणेनंतरही 0.44. आपण नेहमी 120 ने जात असाल, तर एकदा पूर्ण टाकी 100 च्या वेगाने चालवून पाहा. इंजिनाला हात न लावता याहून मोठी बचत करून देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

प्रश्न : गाडीच्या पडद्यावर 9 दिसते आणि पंपावरच्या हिशेबाने 8.3 येते. कोणते खरे मानावे?

उत्तर : पंपावरचे, परंतु एकाच टाकीवरून नव्हे. पडद्यावरचा आकडा इंजेक्टरने किती इंधन सोडले याच्या अंदाजावरून काढलेला असतो आणि तो काही टक्क्यांनी चढा असणे नेहमीचे आहे. टाकी भरताना नॉझल आपोआप बंद झाले की तिथेच थांबावे, शक्यतो तोच पंप ठेवावा, आणि चार-पाच भरण्यांचे एकूण किलोमीटर एकूण लिटरने भागावेत. प्रत्येक टाकीचे मायलेज काढून त्यांची सरासरी करू नये. ही चूक फार सर्रास होते. शहरात 100 किलोमीटर 6 ने आणि महामार्गावर 100 किलोमीटर 12 ने गेलात, तर सरासरी 9 नाही, 8 आहे, कारण 200 किलोमीटरला 25 लिटर लागले. मूळ चाकांऐवजी वेगळ्या घेराची चाके बसवली असतील, तर किलोमीटरचा आकडाही चुकतो, तेही तपासावे.

याच कारणासाठी, दर 100 किलोमीटरला किती लिटर, अशी नोंद ठेवावी असे मी आग्रहाने सांगेन. मायलेज 6 वरून 8 झाले तर 1,000 किलोमीटरमागे जवळजवळ 42 लिटर वाचतात. 15 वरून 20 झाले तर 17 सुद्धा नाहीत. जड गाडीतली छोटी दिसणारी सुधारणा खरोखर किती मोठी असते, हे लिटरच्या हिशेबातच कळते.

प्रश्न : प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीच्या माहितीपत्रकात प्रतिलिटर 50 किलोमीटरहून अधिक मायलेज लिहिले आहे. माझा बहुतेक प्रवास लांबचा असतो. ही गाडी घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. त्या आकड्यात प्रवासाचा मोठा हिस्सा विजेवर होईल असे गृहीत धरलेले असते. वर उल्लेखिलेल्या आयोगाच्या माहितीत प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा प्रत्यक्ष इंधनवापर जाहीर आकड्याच्या साडेतीनपट निघाला, कारण त्या अपेक्षेइतक्या चार्ज केल्याच जात नाहीत. बॅटरी रिकामी झाली की तिचे वजन इंजिनालाच ओढावे लागते. ज्याच्याकडे घरी चार्जिंगची सोय आहे आणि ज्याचा रोजचा प्रवास बॅटरीच्या टप्प्यात बसतो, त्याच्यासाठी हीच गाडी उत्तम ठरते. दोन्हींपैकी काहीच नसेल आणि शहरातला प्रवास अधिक असेल, तर साधी, म्हणजे बाहेरून चार्ज न करावी लागणारी पूर्ण हायब्रिड पाहावी. लेक्ससने 2005 मध्ये आरएक्स 400एच आणली तेव्हापासून जड गाडीत ही पद्धत सिद्ध झाली आहे. ब्रेक दाबताना वाया जाणाऱ्या ऊर्जेचा काही भाग ती परत मिळवते. स्थिर वेगाच्या लांब प्रवासात ब्रेकच क्वचित लागत असल्याने तिथे हा लाभ थोडा. आपल्या वापराला डिझेल अधिक योग्य आहे.

प्रश्न : अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल घातल्याने मायलेज वाढते का?

उत्तर : ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या किमान ऑक्टेनपेक्षा वरचे पेट्रोल घालून सहसा जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मात्र टर्बो इंजिनाला त्या मर्यादेखालचे पेट्रोल घातले, तर इंजिन वाचवण्यासाठी संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद व मायलेज दोन्ही घटतात. इथेनॉलचा परिणाम वेगळा आहे : त्यात प्रतिलिटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असल्याने 10 टक्के मिश्रणात मायलेज 3 टक्क्यांच्या आसपास कमी होणे स्वाभाविक आहे.

प्रश्न : छतावरची सामानपेटी वर्षभर तशीच ठेवली तर चालेल का?

उत्तर : काढून ठेवावी. महामार्गाच्या वेगाला मोठ्या पेटीमुळे मायलेज 10 ते 25 टक्क्यांनी घटू शकते, आणि पेटी रिकामी असली तरी हवेचा विरोध तेवढाच राहतो. सामान नेणे भागच असेल, तर आधी मागची डिकी पूर्ण भरावी.