साक्षगंध झालं, आता हे कसं सांगू?

(पत्र थोडं लहान केलं आहे. नाव आणि गाव छापत नाही.)

«मावशी, मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यातला, वय २९, घरची चार एकर धानाची शेती. शेती करणाऱ्या पोराले आजकाल पोरगी कोण देते, तुम्हाला माहीतच आहे. तीन वर्षं पाहणी केल्यावर दिवाळीनंतर साक्षगंध झालं. लग्न वैशाखात. पोरगी चांगली आहे, रोज रात्री फोनवर बोलते. पण घरी कोणाला माहीत नाही अशी एक गोष्ट आहे. चार वर्षांपासून माझं उजवीकडचं अंड वाढत वाढत मुठीपेक्षा मोठं झालं. दुखत नाही, जड वाटते. नदीवर आंघोळ बंद केली, ढिला पायजमा घालतो, वरून दुपट्टा सोडतो. फटफटीवर येणाऱ्या एका डॉक्टरने दोनदा सुईने पाणी काढलं. दोन्ही वेळा परत भरलं, दुसऱ्या खेपेस तापही आला. मंडईच्या जत्रेत तंबू टाकून औषधं विकणाऱ्याने सांगितलं की हाताच्या सवयीने धातू खाली उतरला, लग्न केलं तर मूल होणार नाही. त्याची साडेतीन हजारांची पुडी घेतो आहे. माझ्या आजोबांनाही असंच होतं. तिचं आयुष्य खराब करण्यापेक्षा सोयरीक मोडून टाकू का?»

बाबू,

सोयरीक मोडू नको. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन चिठ्ठी काढ आणि सर्जन कोणत्या वारी बसतात ते विचारून घे. तू लिहिलंस त्यावरून हे हायड्रोसील दिसतं. तपासल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही आणि मी काही डॉक्टर नाही. पण नोकरीची बरीच वर्षं ऑपरेशन थिएटरात गेली, आणि तुमच्या भागातले असे पेशंट पुष्कळ पाहिले. जवळजवळ सगळे तुझ्यासारखेच उशिरा आलेले. दुखत नव्हतं म्हणून नव्हे, लाज वाटत होती म्हणून.

अंडाभोवती दोन पातळ पदर असतात. त्यांच्यामध्ये एरवी ओलाव्यापुरतं पाणी असतं. ते शोषलं जाण्यापेक्षा जास्त तयार व्हायला लागलं की साचतं आणि पिशवी फुगते. अंड स्वतः आत असतं तेवढंच असतं. म्हणजे ‘अंड वाढलं’ असं आपण म्हणतो, पण वाढलेलं असतं ते भोवतीचं पाणी. त्यात धातू, म्हणजे वीर्य, नाही.

आता तुमच्याकडेच हे एवढं का? चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा हा सगळा पट्टा हत्तीरोगाचा. हत्तीरोग म्हटलं की लोकांना फक्त सुजलेला पाय दिसतो, पण पुरुषांमध्ये त्याच रोगाचं दुसरं रूप म्हणजे हायड्रोसील. घाणीच्या पाण्यात, तुंबलेल्या नालीत, संडासाच्या उघड्या टाक्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो आणि त्यातून बारीक जंत अंगात जातात. मोठे झालेले जंत रसवाहिन्यांत पाच-सात वर्षं सहज राहतात आणि त्या खराब करतात. पोरगा दहा वर्षांचा असताना डास चावलेला असतो आणि सूज दिसते पंचविशीत. त्यामुळे कारण कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तंबूवाल्याला जागा मिळते. आजोबांना होतं म्हणून हे रक्तातून तुझ्याकडे आलं असंही नाही. घर तेच, नाली तीच, डास तेच. सगळंच हायड्रोसील हत्तीरोगाचं नसतं, कधी कधी कारण सापडतही नाही. पण तुझ्या गावात पहिला संशय त्याच्यावरच घ्यायचा.

हाताच्या सवयीचं तर सोडूनच दे. त्याने अंड सुजत नाही, धातू ‘खाली उतरत’ नाही, मूल व्हायचं राहत नाही. पोती उचलून किंवा सायकल चालवूनही हायड्रोसील होत नाही. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या, रात्रीच्या नाटकांचे मांडव पडले की हे तंबू येतातच, आणि ते पोरांच्या मनातली भीती बरोबर ओळखतात. ज्याला विचारायला कोणी नाही त्याच्याकडूनच पैसे निघतात. ती पुडी आजपासून बंद. फेकू मात्र नको. डॉक्टरांना दाखव. असल्या पुड्यांत कधी स्टेरॉइड निघतं, कधी शिसं-पाऱ्यासारखे धातू, आणि मूत्रपिंड खराब झालेलं वर्षभर कळत नाही. किती महिने घेतलीस तेही सांग, लागलं तर ते रक्त तपासून घेतील.

त्या फटफटीवाल्याचा मला जास्त राग आहे. सुईने पाणी काढलं की दोन दिवस हलकं वाटतं, पण पाणी तयार करणारा पदर जागच्या जागी असतो, म्हणून काही महिन्यांत पुन्हा भरतं. सुई स्वच्छ नसली तर आत पू होतो. तुला ताप आला तो बहुतेक त्याचाच. आणि समजा ती सूज हायड्रोसील नसून हर्निया असती, तर ती सुई आतड्यात जाऊ शकली असती. त्याने बॅटरी लावून पाहिलं होतं का? खोकायला सांगितलं होतं का? पत्रात तसं काही नाही, म्हणजे पाहिलं नसावं. दोनदा सुई टोचल्याचं आणि तापाचं डॉक्टरांना आधीच सांग, लपवू नको. आतले पदर चिकटले असले तर ऑपरेशनला थोडा वेळ लागतो, त्यांना तयारी ठेवता येते.

तपासणीची धास्ती घेऊ नको, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पडद्यामागे उभं राहायला लावतील, खोकायला सांगतील. खोकल्याबरोबर सूज वाढत असेल आणि आडवं झाल्यावर पोटात परत जात असेल तर हर्निया. मग खोलीत अंधार करून मागून बॅटरी लावतील. आत स्वच्छ पाणी असेल तर सगळी पिशवी कंदिलाच्या काचेसारखी लाल उजळते. जुन्या, जाड झालेल्या किंवा आत रक्त-पू असलेल्या पिशवीतून उजेड जात नाही, म्हणून नाही उजळली तर घाबरू नको. त्यानंतर सोनोग्राफी करून घे, आणि हे टाळू नको. तुझ्या वयात अंडाचा कॅन्सर होऊ शकतो. तो फार कमी लोकांना होतो, पण तोही न दुखणारा असतो आणि कधी कधी त्याच्याभोवती असंच पाणी साचून आतली कडक गाठ हाताला लागत नाही. लवकर सापडला तर चांगला बरा होणारा कॅन्सर आहे तो. सोनोग्राफीत अंड नीट दिसलं की तुझी ती शंकाही संपली.

रक्ताचंही सांगते. हत्तीरोगाचे सूक्ष्म जंत रक्तात रात्री फिरतात, म्हणून तपासणी पथकाचे लोक रक्त घ्यायला रात्री दहानंतर दार वाजवतात आणि गाव त्यांना शिव्या घालतं. आता पट्टीवरची एक तपासणी दिवसाही होते. तुझी तपासणी कोरी आली तरी हायड्रोसील हत्तीरोगाचं नाही असं होत नाही, कारण सूज येईपर्यंत बऱ्याच जणांचे जंत मेलेले असतात. जंत सापडले तर डीईसीच्या गोळ्यांचा बारा दिवसांचा कोर्स देतील. तो पूर्ण कर, उपाशीपोटी घेऊ नको. पण गोळ्यांनी एवढं मोठं हायड्रोसील उतरत नाही. लेपाने, लंगोट आवळून किंवा मोहाच्या तेलाने चोळूनही नाही. त्यावर इलाज ऑपरेशन.

ते ऑपरेशन छोटं आहे. बहुतेक वेळा पाठीत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, तू जागा असतोस, समोर कापड धरलेलं असतं. पाणी काढून तो जादा पदर कापून टाकतात किंवा उलटा करून शिवतात, म्हणजे पाणी साचायला पिशवीच राहत नाही. साधारण पाऊण-एक तास. कधी एक बारीक नळी दिवस-दोन दिवस ठेवतात. घरी आल्यावर ती जागा पुन्हा सुजलेली दिसेल. यावेळी बहुतेक पोरं घाबरून जातात की ‘परत झालं’. झालेलं नसतं, ती ऑपरेशनची सूज असते आणि काही आठवड्यांत उतरते. आधार देणारा घट्ट लंगोट घाल. महिना-दीड महिना जड उचलायचं नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही. टाक्यातून पू आला, ताप चढला किंवा सूज एकदम वाढून तटतटली तर त्याच दिवशी दवाखाना. थोड्या जणांना पाणी परत होतं, पण सुईने काढल्यावर होतं तसं नेमाने नाही.

पैशाचं तू विचारलं नाहीस, तरी घरात तोच प्रश्न पहिला निघेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, आणि हत्तीरोगाच्या जिल्ह्यांत हायड्रोसीलच्या ऑपरेशनची शिबिरंही लागतात. तुमच्या आशाताईंना विचार. तुला तोंड उघडायला जड जात असेल तर एवढंच म्हण, ‘हायड्रोसीलचं शिबिर कधी आहे?’ त्या यादी घेऊनच फिरतात, त्यांना नवल वाटणार नाही. गडचिरोलीकडे शोधग्रामच्या दवाखान्यातही शस्त्रक्रियेची शिबिरं होतात. काही गुंतागुंत निघाली तर नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं हॉस्पिटल आहेच.

आता मुलाबाळांचं. हायड्रोसीलने ताठरता जात नाही. फार मोठं असलं तर संबंधाच्या वेळी अडचण होते आणि माणूस संकोचतो, ते वेगळं. वीर्य बहुतेकांचं चांगलं असतं. जंतुसंसर्ग होऊन गेलाय म्हणून तुझ्या मनात खुटखुट राहील, तर टाके भरल्यावर वीर्य तपासून घे. त्याआधी तीन-चार दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको, एवढंच पथ्य. काही कमी निघालं तरी त्यावर इलाज असतात आणि ते तंबूत मिळत नाहीत.

राहिला तुझा खरा प्रश्न, तिला सांगायचं की नाही.

सांगायचं. तू काही गुन्हा केलास म्हणून नव्हे. ऑपरेशन माघात धरलं तर तू दवाखान्यात भरती होशील, महिना-दीड महिना पोतं उचलणार नाहीस, आणि चार घरांच्या गावात हे लपत नाही. उद्या तिच्या कानावर ते तिच्या मामाकडून, भलत्याच रूपात गेलं तर तिला वाईट वाटेल ते आजारापेक्षा लपवण्याचं. आणि तिचा तो हक्कही आहे. सोयरीक मोडायची की नाही हे तू एकट्याने, तिला न विचारता ठरवायला निघालास, ते मला पटलं नाही. तिचं आयुष्य खराब होतंय का ते तिला ठरवू दे.

पण क्रम पाळ. आधी तपासणी, मग आईबाबा, मग ती. आईला सांगायला जमत नसेल तर बाबांना सांग. तुझ्या आजोबांचं पाहिलेला माणूस आहे तो, त्याला एका वाक्यात समजेल. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाच्या हाती मात्र हा निरोप देऊ नको. तिच्याशी फोनवर स्वतः बोल, आणि ‘मला एक प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून थांबू नको, त्याने पोरगी रात्रभर नको ते विचार करेल. नाव घेऊन सांग: ‘मला हायड्रोसील आहे, आपल्या भागात पुष्कळांना असतं, डॉक्टरांनी तपासलं, अमुक तारखेला ऑपरेशन आहे, लग्नापर्यंत मी बरा होतो.’ हवं तर डॉक्टरांना भेटायला ये म्हणावं. ती गप्प झाली तर दोन दिवस गप्प राहू दे. नाही म्हणाली तर तुला लागेल, मी खोटं सांगत नाही. पण माझ्या पाहण्यात असल्या बायका बऱ्याच आल्या, ज्यांनी नवऱ्याला हात धरून दवाखान्यात आणलं आणि बाहेर बाकावर बसून विळीवर भाजी चिरावी तशा सहज गप्पा मारत राहिल्या.

घरच्यांसाठी एक काम. हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला लोक येतात तेव्हा हातात घेऊन खिशात टाकू नका, त्यांच्यासमोर गिळा. गर्भवती, दोन वर्षांखालची लेकरं आणि खूप आजारी माणसं सोडून सगळ्यांनी. नागपूर जिल्ह्यात २०१९ पासून यात आयव्हरमेक्टिन ही तिसरी गोळीही आली. ज्याच्या अंगात जंत असतात त्याला गोळीनंतर थोडा ताप, डोकेदुखी होते, म्हणजे गोळी लागू पडते आहे. आणि संडासाच्या टाक्याच्या हवेच्या पाइपाला जाळी बांध, पन्नास रुपयांचंही काम नाही.

हे वाचणाऱ्या इतर आयांना मध्येच सांगून ठेवते: पोराच्या अंडात एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. अंडाला पीळ पडला असेल तर साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तरच ते वाचतं. बाबूचं दुखणं ते नाही, पण घोळ व्हायला नको.

ता. क. मध्ये तू विचारलंस, वरातीत नाचता येईल का? माघात ऑपरेशन झालं तर वैशाखापर्यंत तीन महिने होतात. नाच. फक्त मित्रांना खांद्यावर उचलून घेऊ देऊ नको, आणि टाके दाखवायला बोलावलेली तारीख चुकवू नको.

तुझी,
मावशी