‘क्लास लावू की शाळा बदलू?’

दिवाळीची सुट्टी संपली की पाचवीतल्या मुलांच्या आया माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. गेल्या वर्षी भांडुपच्या डोंगरावरच्या वस्तीतून एक ताई आल्या. मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत, सकाळच्या सत्रात. शाळेची वेळ झाली की त्याच्या पोटात दुखायचं, रविवारी मात्र कधीच नाही. डॉक्टर झाले, अंगारा झाला. शेजारीण म्हणाली, इंग्लिश मीडियमला टाक. त्यातच कानावर आलं की पाचवीला आता नापास करतात.

ते खरं आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि नंतर महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. पण नापास झालं की लगेच वर्ष जात नाही. शाळेनं जादा शिकवायचं आणि दोन महिन्यांत पुनर्परीक्षा घ्यायची असते. एवढं ऐकल्यावर ताई खुर्चीला जरा टेकून बसल्या.

मुलाला पुस्तक दिलं. ओळीखाली बोट फिरवत त्यानं धडा घडाघडा वाचला. मला शंका आली म्हणून मी पुढच्या ओळीवर तळवा ठेवला. तो थांबलाच नाही, झाकलेली ओळही म्हणून गेला. अख्खा धडा पाठ! मग पानाच्या मधलाच एक शब्द दाखवला, ‘पुस्तक’. बराच वेळ बघून हळूच म्हणाला, ‘‘जोडाक्षरं नाही येत.’’ तीन वर्षं त्यानं हे एकट्यानं सांभाळलं होतं. पोट दुखणार नाही तर काय होईल?

आईची आणि त्याचीही परवानगी घेऊन मी शाळेत गेले. वर्गाच्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, ‘‘शांत मुलगा आहे, काही त्रास नाही.’’ पाणी पहाटे येतं, घरात मोठा हाच, म्हणून हंडे भरून तो शाळेत येतो, हे त्यांना माहीतच नव्हतं. आणि वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी वाचनवर्ग घेणाऱ्या मुलीला हे सगळं ठाऊक होतं, पण ती शाळेची पायरी कधी चढली नव्हती. निम्मं मूल शाळेला माहीत, निम्मं वस्तीला. मी फक्त दोघींना एका बाकावर बसवलं.

वाचनवर्गाची ही मुलगी मुलांना इयत्तेप्रमाणे बसवत नाही. अक्षरं येणारे एकीकडे, शब्द वाचणारे दुसरीकडे. ‘प्रथम’ या मुंबईतच सुरू झालेल्या संस्थेनं ही रीत रुजवली. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांमध्ये त्यांच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा अभ्यास झाला. वस्तीतलीच तरुण मुलगी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायची. सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. माझाही अनुभव तोच आहे. वस्तीत असा वर्ग फुकट मिळत असताना पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरू नका. तिथे पाचवीचाच धडा पुन्हा शिकवतात, आणि याची अडचण दुसरीतली होती. मराठी वाचता येत नाही म्हणून इंग्रजीत टाकणं तर आगीतून फुफाट्यात.

बाईंनी एकच गोष्ट बदलली, पण ती मला फार मोलाची वाटते. त्याला अचानक उभं करून वाचायला लावायचं थांबवलं. कोणता परिच्छेद वाचायचा ते आदल्या दिवशी सांगू लागल्या. घरी पाण्याची पाळी एक दिवसाआड मामाकडे गेली. पोटदुखी तीनेक आठवड्यांत कमी झाली, पण परीक्षेच्या आधी पुन्हा उसळली. तेव्हा ताई घाबरून रात्री फोन करायच्या आणि आम्ही बोलत राहायचो.

मार्चमध्ये मी नवीन गोष्टीचं पुस्तक नेलं आणि सवयीनं ओळीवर तळवा ठेवला. त्यानं तो बाजूला सारला. ‘‘मॅडम, हात काढा ना, दिसत नाही.’’

भाषेत तो पास झाला, गणितात राहिला. पुनर्परीक्षेपर्यंत वाचनवर्गाच्या मुलीनं त्याला भागाकाराच्या गटात घेतलं होतं.