डिपॉझिट देण्याआधी करार नोंदवून घ्या

प्रश्न : आम्ही नवराबायको आणि दोन मुलं दीड वर्षापासून पुण्यात बेघर निवारा केंद्रात राहतो. मी धुणीभांडी करते, नवरा हमाली करतो. एक खोली मिळतेय, भाडं साडेचार हजार, डिपॉझिट वीस हजार रोख. मालक म्हणतो, ‘करारबिरार कशाला, विश्वासावर राहा.’ इकडे केंद्रातून महिनाअखेर जागा सोडायला तोंडी सांगितलंय. काय करू?

उत्तर : ताई, खोली जरूर घ्या, पण कराराशिवाय वीस हजार हातचे सोडू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे पहिल्याच भेटीत त्याला ऐकवू नका, खोली जाईल! ‘खर्च आम्ही करतो’ म्हणा. शहरात नोंदणी फी हजार रुपये आहे, तुमच्या भाड्यावरचं मुद्रांक शुल्क त्याहून कमी.

त्याआधी वीजबिल किंवा घरपट्टीची पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. भाडेकरूच पोटभाडेकरू ठेवतो, अशी प्रकरणं रोज येतात. करारात तुम्हा नवराबायको दोघांची नावं, डिपॉझिटचा आकडा आणि खोली सोडल्यावर ते किती दिवसांत परत मिळेल, हे लिहून घ्या. पैसे मालकाच्या खात्यावरच भरा. आधार, रेशनकार्ड, गॅस यांवर नवा पत्ता चढवायलाही हाच करार लागेल. मुलांची शाळा बदलावी लागली तर दाखला नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश अडवता येत नाही.

निवारा केंद्राचं मात्र स्पष्ट सांगते. तिथे तुम्ही भाडेकरू नाही, त्यामुळे भाडेकरूचं संरक्षण मिळणार नाही. पण तोंडी आदेशावर सामान उचलू नका. ‘खोली ठरली आहे, करार होईपर्यंत मुदत द्या’ असा अर्ज महापालिकेच्या समाज विकास विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

पंतप्रधान आवास योजनेसाठी तुमच्या, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. सासऱ्यांच्या नावावरचं गावचं घर आड येत नाही. ‘घरकुल मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. अर्जाची पोच आणि कराराचा मसुदा सोबत न्या.