सरकारी शाळांत बेघर मुलं असतात का? असतात, पण दिवाळीनंतर मोजा

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत सरकारी शाळा बेघर विद्यार्थ्यांची वेगळी नोंद ठेवतात, तसं आपल्याकडे आहे का आणि मुळात अशी मुलं आपल्या शाळांत असतात का. मी वाळवा तालुक्यात (जि. सांगली) झेडपी शाळेत शिकवते, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते.

तिकडे 1987 चा मॅकिनी-व्हेंटो कायदा आहे. त्यात नुसतं रस्त्यावर झोपणारं पोरच नाही, तर पैशाअभावी नातेवाइकांकडे दाटीवाटीनं किंवा मोटेलमध्ये राहणारं पोरही बेघर धरतात आणि कागदपत्रं नसली तरी लगेच प्रवेश द्यावा लागतो. हाच हिशोब लावला तर आमच्याकडे दर सीझनला कारखान्याच्या तळावर आणि शेताच्या कडेला जी ऊसतोडीवाल्यांची पोरं येतात ती सगळी त्यात बसतात. बीडकडची खूप, शिवाय आपल्याच जत-आटपाडीकडची. बांबू, ताडपत्री आणि पाचटाची कोपी, लाइट नाही, संडास नाही, चार-पाच महिने तेच घर. गावाकडं घर आहे म्हणून यांना कुणी बेघर म्हणत नाही, पण पोराच्या शाळेचं अर्धं वर्ष त्या कोपीतच जातं ना!

आणि नोंदीचं म्हणाल तर शाळांच्या पटाची माहिती वर्षानुवर्षं 30 सप्टेंबरची धरली जायची. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात दिवाळीच्या आगेमागे. म्हणजे कागदावर पोरगी बीडच्या शाळेत हजर आणि प्रत्यक्षात इथं कोपीत धाकट्या भावाला सांभाळत बसलेली.

कायदा आपल्याकडेही चांगलाय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवायचा नाही, वर्षाच्या मध्ये आलं तरी घ्यायचं, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. स्थलांतर करणाऱ्या मुलांना गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी कार्ड (दुसरीकडच्या शाळेत दाखवायचं) द्यायचं असतं, पण माझ्याकडे आलेल्यांत ते फार थोड्यांच्या हातात दिसलं. पूर्वी तळावरच या पोरांसाठी साखरशाळा भरायच्या, मग कायदा आल्यावर नेहमीच्या शाळेतच घ्यायचं ठरलं, विचार बरोबरच होता, पण आईबाप पहाटे तीनला कोयता घेऊन फडात (ऊस तोडायच्या शेतात) गेलेले आणि शाळा तीन किलोमीटरवर, मधे उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ, तर सात वर्षांच्या पोराला सोडणार कोण? माझ्या मते सगळं इथंच अडतं. सीझनपुरती एक गाडी लावली तरी निम्मं काम होईल.

मागच्या एका सीझनला तिसरीत एक मुलगी आली, कडेवर दीड वर्षाचा भाऊ. त्याला कुठं ठेवणार? वर्गातच मागं सतरंजीवर झोपवायचो. अवकाळी पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची वही कडेनं करपलेली, पानं फुगलेली. म्हणाली, "बाई, भिजली म्हून चुलीपाशी धरली." अक्षर सगळं फिसकटलेलं, पण अभ्यास पूर्ण केलेला! मला काही बोलताच आलं नाही.

जानेवारीत एका सोमवारी ती आलीच नाही. तिथला फड संपला म्हणून टोळी रातोरात हलली होती, शेतात फक्त चुलीचे दगड. टोळी आणणाऱ्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवला होता म्हणून कळलं की कराडकडं गेलेत. तिथल्या शाळेत फोन केला तर दाखला आणा म्हणाले. कायद्याचं कलम वाचून दाखवलं, दोनदा फोन केला, तेव्हा कुठं आठवड्यानं बसवून घेतलं. हे प्रत्येक पोरामागं कुणीतरी करायला पाहिजे, तिकडे अमेरिकेत प्रत्येक शाळा-जिल्ह्याला (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाला) त्यासाठी एक माणूस नेमलेलाच असतो, आपल्याकडे एखादा शिक्षक मनावर घेईल तर होतं.

तुम्ही सातारा-सांगलीकडचे असाल तर नोव्हेंबरात गावाजवळच्या कोप्यांवर एकदा जाऊन या. सकाळी अकराला जा, मोठी माणसं फडात असतात, कोपीत असतात ती शाळेच्या वयाची पोरं. किती आहेत ते मोजा आणि आकडा मुख्याध्यापकांना लेखी द्या, तोंडी नको.