ओटीजीत केक खालून कच्चा राहतो आणि मेन पडते, दोष कुठे शोधायचा?

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. 1600 वॉटच्या ओटीजीत (म्हणजे टेबलावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) केक वरून करपतो नि खालून कच्चा राहतो, आणि पावसाळाभर बंद ठेवलेला ओव्हन आता लावला की मधूनच घराची मेन पडते. मेकॅनिकने सांगितलं की प्लगची अर्थची पिन काढून टाका, मेन पडायची थांबेल.

आधी त्या पिनेबद्दल. कृपा करून ती काढू नका. मेन पडायची थांबेल हे खरं, पण आज जो करंट अर्थच्या वायरीतून निघून जातो आहे, तो उद्या ओव्हनच्या पत्र्यावर येऊन थांबेल आणि ओल्या हाताने दार उघडणाऱ्याला शॉक देईल. घरगुती उपकरणं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि तीन पिनांतली मोठी पिन तोडलेले प्लग बघितले की मला खरोखर काळजी वाटते. मेन पडते आहे म्हणजे ती तुमचं रक्षण करते आहे. दोष ओव्हनमध्ये आहे, तो तिथेच शोधू.

डीबीचं, म्हणजे घरातले मेन स्विच असतात त्या डब्याचं, दार उघडून नेमकं काय पडलंय ते बघा. ज्याच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं ती आरसीसीबी, बोलताना आपण तिला ईएलसीबीच म्हणतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत आला नाही, कुठेतरी गळला, की ती पडते. घरात बहुधा 30 मिलिअँपिअरची असते. टेस्टचं बटण नसलेली साधी एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की लाइन तोडणारा स्विच, पडत असेल तर गोष्ट वेगळी: शॉर्ट तरी आहे किंवा लाइनवर लोड जास्त आहे. तुमचा ओव्हन जेमतेम 7 अँपिअर घेतो. तो एकटा 16 अँपिअरची एमसीबी पाडणार नाही, पण त्याच लाइनवर गिझर किंवा इंडक्शन चालू असेल तर पाडेल.

तुमच्या वर्णनावरून मला आरसीसीबीचा संशय आहे. तसं असेल तर ओव्हन न उघडताच बरंच कळतं. सिलेक्टर, म्हणजे वरचा की खालचा तापणारा रॉड लावायचा ते ठरवणारा नॉब, फक्त वरच्या रॉडवर ठेवून दहा मिनिटं चालवा. मग बंद करून फक्त खालच्या रॉडवर. वरच्यावर नीट चालला आणि खालच्यावर मेन पडली, तर चोर सापडला. नॉब बंद असताना नुसता प्लग लावूनही पडत असेल, तर सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले नाहीत ना, हे वायरमनकडून बघून घ्या. उलटे असतील तर टायमर शून्यावर असूनही रॉडपर्यंत फेज पोचलेला असतो.

आता रॉडच्या आत काय असतं ते सांगतो, कारण पावसाळ्याचा संबंध तिथेच आहे. वरून दिसते ती धातूची नळी. तिच्या मधोमध निक्रोमच्या तारेचं वेटोळं, आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. पण ती ओलावा ओढून घेते. मुंबईत किंवा कोकणात ओव्हन पावसाळाभर बंद राहिला की रॉडच्या टोकांच्या सीलमधून दमट हवा आत शिरते, पूड ओलसर होते आणि थोडा थोडा करंट नळीवर गळू लागतो. अशा वेळी रॉड मेलेला नसतो. वरच्या रॉडवर मेन पडत नसेल तर फक्त तोच लावून, 100–120 अंशांवर, ओव्हन रिकामा अर्धा-पाऊण तास चालवा. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही जागेवर हवेत. त्या उष्णतेने खालचा रॉडही सुकतो. बऱ्याचदा एवढ्यावरच मेन पडायची थांबते. तरीही पडत राहिली तर तो रॉड बदलायचाच.

तुमच्या बाबतीत मात्र खालून कच्चं राहतंय, म्हणजे खालचा रॉड तापतच नसावा. खोलीत अंधार करा, फक्त खालचा रॉड 230 अंशांवर लावा आणि पाच मिनिटांनी काचेतून बघा. मंद लाली दिसायला हवी. एक लक्षात ठेवा, थर्मोस्टॅट ‘टक्’ करून रॉड बंद-चालू करत असतो, त्यामुळे मध्येच लाली गेली म्हणून घाबरू नका. बऱ्याच ओटीजीत खालचे दोन रॉड एकामागोमाग सिरीजमध्ये असतात. एकाची तार तुटली की दोन्ही थंड पडतात. तुटलेल्या तारेचं टोक नळीला टेकलं तर मेनही पडते. म्हणजे तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. खाली जास्त मरतात कारण चीज, पिठाचे थेंब, ओलं फडकं हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. खालच्या रॉडवर अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरायची सवय असेल तर तीही सोडा, तिने उष्णता कोंडते.

पुढचं काम पत्रा उघडायचं आहे. त्यात हात नसेल तर करू नका, पण मेकॅनिक समोर असताना हे करून मागा. प्लग काढलेला, ओव्हन थंड. रॉडची एक वायर सोडवून मल्टीमीटरने ओहम मोजायचे. खालची जोडी 800 वॉटची असेल तर साधारण 66 ओहम यायला हवेत (230 गुणिले 230, भागिले 800). काहीच आकडा आला नाही तर तार तुटली. गळती मात्र साध्या मल्टीमीटरवर बरेचदा दिसत नाही, तिला 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती मोजणारं मीटर, लागतो.

रॉड ठीक निघाला तर टोकावरचं लग, म्हणजे वायर जोडायची धातूची टोपी, बघा. ते काळंनिळं आणि सैल झालं असेल तर दोष तिथे आहे. नवीन लग पकडीने दाबून घट्ट क्रिंप करून त्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवायची. सोल्डर आणि काळी टेप तिथे टिकत नाहीत, दोन्ही वितळतात. लगही चांगलं असेल तर सिलेक्टरचा कॉन्टॅक्ट जळालेला असतो.

थर्मोस्टॅटवर संशय घ्यायचा तो शेवटी. ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवून तीन-चार वेळा ‘टक्’ होऊ द्या आणि सरासरी बघा. दहा-वीस अंश वरखाली चालतं. पन्नासचा फरक असेल तर बदला.

ओव्हन 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. कन्व्हर्टर किंवा एक्स्टेन्शन बोर्ड नको; वापरानंतर प्लग हाताला चटका देत असेल तर सॉकेट सैल झालंय.

नवीन रॉड बसवल्यावर खिडक्या उघड्या ठेवून ओव्हन वीसेक मिनिटं रिकामा तापवा. पहिल्यांदा धूर आणि वास येतो, तो कोटिंगचा असतो. मग केक लावा, आणि मेन टिकली की नाही ते इथे नक्की कळवा.