दारूच्या किमान किमतीला विरोध लिहू नका, पैशाचा हिशोब मागा

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. दारूची किमान किंमत सरकारने ठरवल्यावर नवी मुंबईतल्या घणसोलीच्या तुमच्या बचत गटात दोन तट पडलेत, तर निवेदनात पाठिंबा लिहायचा की विरोध, हा एक प्रश्न. आणि जाता जाता लिहिलंय, की गटातल्या एकीच्या नवऱ्याने परवडत नाही म्हणून दोन दिवस घेतली नाही, तर त्याचे हात थरथरायला लागले आणि भिंतीवर किडे दिसायला लागले. दुसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती थांबू शकत नाही.

त्याला घरी ठेवू नका. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हे सगळं होऊ शकतं: थरथर, घाम, झोप उडणं, भास, फिट. यात माणूस दगावू शकतो. वाशीच्या महापालिका रुग्णालयात न्या, ठाण्याकडे असाल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात. डॉक्टरांना रोज किती घेतो आणि शेवटची कधी घेतली हे खरं सांगा, लाजू नका. त्यावर औषध आहे. आणि "सोडतोय तर सोडू दे, देवच पावला" असं म्हणणाऱ्या सासूबाईंना कोणीतरी नीट समजवा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबरही त्या बाईंना देऊन ठेवा.

आता निवेदन.

10 जून 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. त्यावर लोक एवढं बोलले, पण नेमकं काय झालं ते फार थोड्यांना माहीत आहे. 180 मिलीच्या बाटलीची, म्हणजे आपण जिला क्वार्टर किंवा पव्वा म्हणतो तिची, किमान किंमत ठरली: देशी 80 रुपये, नवा प्रकार काढला त्या धान्यापासूनच्या 'महाराष्ट्र मेड लिकर'ची 148, इंग्लिशची 205, आणि प्रीमियम विदेशीची 360. याआधी देशी 60-70 ला होती आणि स्वस्तातली इंग्लिश 115-130 ला. लिटरला 260 रुपयांपर्यंत निर्मिती खर्च असलेल्या इंग्लिशवरचं उत्पादन शुल्क त्या खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं. बिअर आणि वाईन या वाढीत नाहीत. या सगळ्यातून वर्षाला 14,000 कोटी रुपये जादा येतील असा सरकारचा अंदाज होता.

सगळ्यात मोठा आवाज झाला तो परमिट रूमवाल्यांचा. त्यांच्यावर व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला होता, परवाना शुल्क 15 टक्क्यांनी वाढलं होतं, वर हे शुल्क. 'आहार' या त्यांच्या संघटनेने 14 जुलैला बंद पाळला. त्यांचं गाऱ्हाणं खोटं नव्हतं, धंद्याचं होतं. दुसरा आवाज नोकरदार माणसाचा: लाडक्या बहिणीचे पैसे द्यायला आमच्या खिशात हात घातला. माथाडीची बायको, तुर्भे स्टोअरची मजुरीसाठी नाक्यावर उभी राहणारी बाई, त्यांना कोणी विचारलंच नाही. त्या आमच्या बैठकीत बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यात मला या निर्णयाचं खरं चित्र दिसलं.

कोपरखैरण्यात व्यसनी माणसांच्या घरच्या बायकांची बैठक असते, तिथे मी बरीच वर्षं जाते. तिथल्या एकीचा नवरा एपीएमसी बाजारात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. आधी रोज संध्याकाळी 120 ची इंग्लिश. दर वाढल्यावर आठवडाभर चिडचिड, शिवीगाळ, मग दोन मित्रांबरोबर काँट्री काढून एक क्वार्टर तिघांत. ती खूश झाली. पुढच्या पगाराच्या आसपास कळलं, तो देशीच्या दुकानात जायला लागलाय. आता हिशोब मांडा. 120 ची रोज म्हणजे महिन्याला 3,600. तीच इंग्लिश 205 ने घेतली असती तर 6,150. देशी 80 ने 2,400. म्हणजे घरातून जाणारा पैसा उलट कमी झाला, आणि माणूस पूर्वीइतकाच पिऊन घरी येतो. ती बाई मला म्हणाली, "पैसे वाचले म्हणू की नवरा आणखी खाली गेला म्हणू?"

आपल्याकडच्या निर्णयातलं कच्चं ते हेच. आपण किमतीला जिना बांधला: 360, 205, 148, 80. वरच्या पायरीवर पाय भाजला की माणूस एक पायरी खाली उतरतो, आणि खाली जागा ठेवलेलीच आहे.

ज्या देशाचं उदाहरण याबाबतीत सगळे देतात त्या स्कॉटलंडने जिना ठेवला नाही. तिथे प्रकार बघत नाहीत, बाटलीत शुद्ध अल्कोहोल किती ते बघतात. सुरुवातीला दर 10 मिली अल्कोहोलमागे किमान 50 पेन्स, मग ती व्हिस्की असो, वाईन असो की बिअर. साडेसात टक्क्यांच्या तीन लिटर स्वस्त सायडरच्या (सफरचंदाच्या दारूच्या) बाटलीत 225 मिली अल्कोहोल येतं. पूर्वी ती चार पौंडांच्या आसपास मिळायची, नियमानंतर सव्वाअकरा पौंडांच्या खाली विकता येईना. रस्त्यावरचे आणि हलाखीतले लोक तीच प्यायचे. पबमधल्या ग्लासाला फरक पडला नाही, कारण तो आधीच त्याहून महाग होता.

तिथेही लोकांनी हेच म्हटलं होतं, जे आपल्याकडे म्हणतात: गरिबाचा घोट महाग केला, श्रीमंताला काय. कायदा 2012 ला मंजूर झाला, पण स्कॉच व्हिस्की असोसिएशन कोर्टात गेली आणि नोव्हेंबर 2017 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल देईपर्यंत अंमल झाला नाही. 1 मे 2018 पासून लागू झाला. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला: नियम नसता तर जितके मृत्यू झाले असते त्यापेक्षा निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू 13.4 टक्के कमी झाले, आणि ही घट गरीब वस्त्यांत जास्त होती. गरिबाचा घोट महाग झाला हे खरं, पण जीवही गरिबाचेच वाचले. तुमच्या गटातल्या विरोधातल्या बायकांना हे मुद्दाम सांगा.

त्यांच्यातली एखादी हुशार मुलगी मोबाईलवर शोधून म्हणेल, 2023 मध्ये स्कॉटलंडमध्ये 1,277 माणसं दारूने गेली, 2008 नंतरचा सगळ्यात मोठा आकडा, मग कुठे कमी झाले? आकडा बरोबर आहे. पण कोविडच्या काळात आधीच जास्त पिणारे आणखी प्यायला लागले आणि शेजारच्या इंग्लंडमध्येही मृत्यू चढले. तिथे किमान किंमत नव्हती. अभ्यासकांनी इंग्लंडशी तुलना करून तो 13.4 टक्क्यांचा आकडा काढलाय. मला तो पटतो.

मात्र त्याच देशातली दुसरी बाजू आपल्या बैठकीतल्या बायकांच्या जवळची आहे. ज्यांना दारूशिवाय सकाळ होत नाही अशा लोकांचं पिणं कमी झाल्याचा ठोस पुरावा तिथे सापडला नाही. त्यातल्या काहींनी दारू तेवढीच ठेवून जेवण आणि विजेच्या बिलात काटकसर केली. म्हणजे "माझा थांबणार नाही, घरातलंच ओढणार" असं म्हणणारी तुमच्या गटातली बाई चुकीचं बोलत नाही. किंमत काम करते ती अजून पुरत्या न बुडालेल्या माणसावर. शनिवारी-रविवारी पिणारा रोजचा होण्याआधी अडू शकतो. पण जो बुडालाय त्याला किंमत बाहेर काढत नाही, त्याला उपचार लागतो. तुमच्यातल्या दोन्ही तटांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं ते यामुळे.

हातभट्टीची भीती निवेदनात नक्की लिहा. आपला पट्टा खाडीकाठचा आहे. कांदळवनात काळा गूळ आणि नवसागर घालून रसायनाचे ड्रम पुरलेले असतात, धाड पडते, ड्रम फोडतात, काही दिवसांनी पुन्हा लागतात. 2004 ला विक्रोळी, जून 2015 ला मालवणी, दोन्ही वेळा विषारी दारूने माणसं गेली, मालवणीत शंभरावर. त्यात मिथेनॉल होतं. ते वासावरून किंवा चवीवरून पिणाऱ्याला ओळखता येत नाही, आणि त्याने आधी डोळे जातात. 80 रुपयेही ज्याला जड, तो तिकडे वळतो. शिवाय दमण आणि गोव्याची स्वस्त दारू घोडबंदर किंवा पनवेलच्या रस्त्याने येते ती वेगळीच. किंमत वाढवायची आणि भरारी पथक तेवढंच ठेवायचं, हे चालणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. स्कॉटलंडमध्ये किमतीतला जादा पैसा दुकानदाराकडे जातो, कारण तो कर नाही. सरकारने तो परत घ्यावा अशी तिथे मागणी होत राहिली आहे. आपल्याकडे शुल्कही वाढलंय, त्यामुळे पैसा थेट तिजोरीत येतो. चौदा हजार कोटी. तो गोळा करतं उत्पादन शुल्क खातं. व्यसनमुक्तीचं काम आहे सामाजिक न्याय विभागाकडे, राज्याचं व्यसनमुक्ती धोरण 2011 चं. रुग्णालयातली खाट आरोग्य खात्याची नाहीतर महापालिकेची. एक खातं कमावतं, उपचार दुसऱ्यांच्या गळ्यात, आणि कोणी कोणाला बांधील नाही. माथाडीच्या बायकोने 14,000 कोटींतला आपला वाटा तिच्या नवऱ्याच्या घशातून भरलाय. तिला नवऱ्यासाठी जवळपास खाट मिळालीच पाहिजे, ही भीक नाही.

म्हणून निवेदन असं करा. किमान किमतीला पाठिंबा एका ओळीत. मग मागण्या. या वाढीव महसुलाचा ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी राखून ठेवा आणि किती खर्च झाला ते दरवर्षी जाहीर करा. बेलापूर ते ऐरोली पट्ट्यात सरकारी व्यसनमुक्ती वॉर्ड द्या, खाटांचा आकडा तुम्ही नगरसेवकांशी बोलून ठरवा. देशी आणि इंग्लिशमधला जिना काढून अल्कोहोलच्या प्रमाणावर किंमत ठरवा, आणि त्यात स्ट्राँग बिअरही आणा. आज ती सुटली आहे आणि कॉलेजची पोरं सुरुवात तिच्यापासून करतात. खाडीकाठच्या हातभट्ट्यांवर कायमचं पथक ठेवा. आणि स्कॉटलंडच्या कायद्यात होतं तसं मुदतीचं कलम मागा: तिथे सहा वर्षांनी विधिमंडळाने पुन्हा मत दिल्याशिवाय नियम पुढे चालणार नव्हता. त्यामुळे सरकारला अभ्यास करावाच लागला, आणि एप्रिल 2024 मध्ये आकडे समोर ठेवून त्यांनी नियम कायम करून दर 65 पेन्स केला. आपल्याकडे परिणाम मोजण्याची कोणावर सक्तीच नाही.

दुकान बंद करायची मागणी यात मिसळू नका. खारघरच्या लोकांनी दारूमुक्त वसाहतीसाठी इतकी वर्षं लढा दिला, त्याचा मला आदर आहे, आणि आडव्या बाटलीच्या, म्हणजे दुकान बंद करायच्या, मतदानाचा रस्ताही आपल्याला मोकळा आहे. पण त्याची प्रक्रिया वेगळी, कागद वेगळे. दोन्ही एकत्र केलं की अधिकारी सोपं उत्तर देऊन मोकळे होतात.

एक प्रत उत्पादन शुल्क अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक महापालिका आयुक्तांना, एक आमदारांना. प्रत्येक प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. सह्यांसमोर पत्ता लिहा, पण कोणाच्या नवऱ्याचं नाव किंवा किस्सा लिहू नका. घरी मार त्या बाईला बसतो.