बोल्स्टर म्हणजे नेमका कसला आधार?

प्रश्न असा आहे : स्पर्धा परीक्षेच्या शब्दयादीत 'बोल्स्टर'समोर 'आधार देणे' लिहिलंय आणि 'सपोर्ट'समोरही तेच. मग 'वडील मला बोल्स्टर करतात' असं वाक्य चालेल का?

नाही चालणार. असल्या याद्यांचा हाच घोळ असतो, एका ओळीत दहा शब्द कोंबायचे आणि सगळ्यांना एकच अर्थ चिकटवायचा.

बोल्स्टर मुळात नाम आहे. नेहमीच्या उशीखाली पलंगाच्या रुंदीभर आडवी घालायची ती लांबट, भरीव उशी म्हणजे बोल्स्टर. आपल्या बैठकीतला लोड म्हणा. शब्द जुन्या इंग्रजीपासूनचा, आणि जर्मनमधला 'पोल्स्टर' (गादी, उशी) त्याचाच भाऊबंद. उशी आधीच आहे, डोकं टेकलेलं आहे, त्याला खालून थोडा जास्तीचा उठाव द्यायचा, एवढंच बोल्स्टरचं काम. पुण्यात अय्यंगार पद्धतीच्या योगवर्गाला जाणारे हा शब्द सर्रास मराठीत वापरतात : 'सुप्त बद्धकोणासनाला पाठीखाली बोल्स्टर घ्या.' आसन तुम्हीच करता. बोल्स्टरमुळे छाती मोकळी होते आणि जास्त वेळ टिकता येतं.

क्रियापदात हीच छटा उतरली आहे. सपोर्ट काढून घेतला तर वस्तू कोसळू शकते. बोल्स्टर काढलं तर ती बहुधा उभी राहील, पण जरा ढिली. म्हणून मुलाचं शिक्षण वडील 'सपोर्ट' करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठीवर थाप मारून त्याचा आत्मविश्वास 'बोल्स्टर' करतात. वानखेडेवर बसून आपण ओरडतो तो सपोर्ट. संघाने आणखी एक वेगवान गोलंदाज घेतला की गोलंदाजी बोल्स्टर होते. कर्म बहुतेक वेळा माणूस नसतोच. आत्मविश्वास, मनोधैर्य, युक्तिवाद, दावा, प्रतिमा, अर्थव्यवस्था, बचावफळी अशा गोष्टींना हे क्रियापद लागतं.

मराठीत करताना एका शब्दावर अडून बसू नका. मनोधैर्याला 'उभारी देणे', युक्तिवादाला 'बळकटी आणणे', फौजेला 'कुमक पाठवणे', बचावफळी 'भक्कम करणे'. 'दुजोरा' मात्र इथे नको : दुजोरा देणारा 'हो, हे खरं आहे' एवढंच सांगतो. 'पाठिंबा'ही नको, तो जाहीर करायचा असतो. आणि 'पाठीशी घालणे' तर भलतंच, त्यात समोरच्याची चूक गृहीत आहे.

मागे 'अप' लागलं की सूर थोडा बदलतो. डळमळीत राजवट परदेशी पैशाने 'बोल्स्टर अप' केली, असं वाचलं की लिहिणाऱ्याला ती राजवट फारशी पसंत नाही, हे ओळखावं. तिथे आपला 'टेकू' अगदी चपखल बसतो. अमेरिकी न्यायालयांत तर 'बोल्स्टरिंग' हा आक्षेपाचा मुद्दा आहे : साक्षीदाराच्या खरेपणावर विरुद्ध बाजूने अजून बोटही ठेवलेलं नसताना वकिलाने आधीच 'हा किती प्रामाणिक माणूस' असा पुरावा मांडू नये. कोणी मागितली नसताना घातलेली उशी.

यंत्रांच्या जगात मात्र हा शब्द चांगलाच वजन पेलतो. रेल्वेच्या जुन्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या) डब्यांच्या बोगीत, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यात, मधोमध आडवी पोलादी तुळई असते, खाली स्प्रिंगा. डब्याचा भार या तुळईवरून स्प्रिंगांवर उतरतो. कारखान्यातले फिटर तिला बोल्स्टरच म्हणतात. तिथे मी वर सांगितलेला नियम लावू नका, ती काढली तर डबा खाली येईल! स्वयंपाकघरातल्या सुरीचं पातं आणि मूठ यांच्यामधला जाड धातूचा भाग, तोही बोल्स्टर.

उच्चार 'बोल्स्टर', 'बॉल्स्टर' नव्हे. आणि एका अक्षराच्या फरकाने होणारा 'होल्स्टर' म्हणजे पिस्तूल ठेवायचं कमरेचं म्यान. परीक्षेत पर्याय म्हणून ते हमखास शेजारी छापतात.